कृष्णेच्या पाण्याप्रमाणे कृष्णेतल्या माशांचाही हिशेब व्हावा : दोन्ही राज्यांच्या मत्स्यव्यवसाय खात्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र राज्य,
मा. संचालक, मत्स्यव्यवसाय विभाग, कर्नाटक राज्य,
आणि कृष्णा, पंचगंगा व दूधगंगेकाठच्या मच्छीमार सहकारी संस्थांचे पदाधिकारी व सभासद यांस

विषय : राजापूर बंधाऱ्याच्या वर आणि खाली मासेमारी बंदीचा काळ, माशांची किमान लांबी आणि पकडीची मर्यादा एकत्र ठरवण्याबाबत.

महोदय,

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी माझे गाव आहे. आमचे घर भोयांचे; वडील आणि चुलते नदीवर जाळे टाकूनच जगले, आणि मी जाळ्याबरोबर गेली बावीस वर्षे गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे दप्तरही सांभाळत आलो आहे. हे पत्र लिहिण्याची वेळ त्या दप्तरातल्या वह्यांनीच आणली. संस्थेच्या जुन्या वह्यांत मरळ, वाम, शिवडा, शिंगटा असे रकाने आखलेले असत आणि ते भरतही असत. आता चिलापी, कटला आणि सायप्रिनस या बाहेरून आलेल्या माशांचे रकाने भरतात आणि शिवड्याचा रकाना महिनोन्महिने कोरा राहतो. एकूण वजनाची बेरीज मात्र फारशी उतरलेली नाही, आणि वर पाठवली जाते ती ही बेरीजच.

आमची नदी कोठून कोठे जाते हे आपणांस सांगण्याची गरज नाही, परंतु एकदा ती माशाच्या बाजूने पाहावी अशी विनंती आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन पंचगंगा कोल्हापूर शहराजवळून वाहते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. कृष्णा राजापूरचा बंधारा ओलांडून कर्नाटकात शिरते, पुढे हिप्परगीच्या बंधाऱ्याला आणि त्यानंतर अलमट्टीच्या धरणाला अडते. वेदगंगेला पोटात घेतलेली दूधगंगा बेळगाव जिल्ह्यात तिला येऊन मिळते. या सगळ्या पाण्यात वावरणारा शिवडा एकच आहे. उन्हाळ्यात तो खालच्या खोल डोहात राहतो आणि पावसाळ्यात अंडी सोडण्यासाठी वर सरकतो. ज्या माशाची वाढ चिकोडी तालुक्यात झाली, त्याची अंडी शिरोळच्या ओढ्यात पडू शकतात, आणि शिरोळमध्ये जन्मलेले पिल्लू पुराबरोबर बागलकोटच्या जलाशयात जाऊ शकते. त्यामुळे आमच्या गावाने राखलेला मासा खालच्या गावाने धरला, किंवा खालच्या गावाने सोडलेली मादी आम्ही वर धरली, तर दोन्हीकडचे राखणे वाया जाते.

या नदीच्या पाण्याचा हिशेब अत्यंत बारकाईने झालेला आहे. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ साली अहवाल दिला, १९७६ साली अंतिम निवाडा प्रसिद्ध झाला, आणि महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० व आंध्र प्रदेशाला ८०० असे २,०६० टीएमसी पाणी वाटले गेले. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर अलमट्टीत आज किती साठा आहे आणि किती क्युसेक विसर्ग सुरू आहे हे पावसाळ्यात शिरोळच्या शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते, आणि दोन्ही राज्यांचे पाटबंधारे अधिकारी त्या दिवसांत एकमेकांच्या सतत संपर्कात असतात. त्याच पाण्यातल्या माशांबाबत दोन राज्यांत एखादा कागद फिरल्याचे आम्हा मच्छीमारांच्या कानावर कधी आलेले नाही. मासेमारी हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय आहे, म्हणून प्रत्येक राज्य आपल्या हद्दीपुरते बोलते, हे मला समजते. परंतु पाटबंधारे खाते ज्या कारणासाठी हद्दीपलीकडे फोन लावते, तेच कारण आपल्या खात्यालाही लागू आहे.

मुख्य मुद्दा पावसाळ्याचा आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. मृगाचा पाऊस लागला आणि ओढ्यांना गढूळ पाणी आले की मासा चढणीला लागतो. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून शेतातल्या चरांत, जेथे उथळ आणि ताजे पाणी पसरलेले असेल तेथे तो अंडी सोडायला जातो. चढणीचे मासे धरणे हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा आनंदाचा भाग आहे. लहानपणी मीही बांधावर उभे राहून पाटीने मासे उपसले आहेत. परंतु पाटीतून जेवढे निसटत, तेवढ्यांवर नदी पुढचे वर्ष काढत असे. आज त्याच ओढ्याच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत बारीक आसाचे, म्हणजे बारीक छिद्रांचे, नायलॉनचे जाळे ताणले जाते, कोठे कोठे तर मच्छरदाणीच लावली जाते, आणि गाबोळीने भरलेली मादी वर पोहोचण्याआधीच तराजूच्या काट्यावर येते. एका मोठ्या मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. त्यातली फार थोडी जगतात, हे खरे आहे, आणि म्हणूनच ती लाखांनी सोडली जाणे आवश्यक असते.

नेमका याच दिवसांत आखाड येतो. गावोगावच्या जत्रा, पाहुण्यांची वर्दळ आणि घरोघरी शिजणारे मांसाहारी जेवण यांमुळे वर्षातली मोठी मागणी आषाढात असते, आणि गाबोळीच्या माशाला तर भाव जास्तच मिळतो. श्रावण लागला की मागणी एकदम उतरते. कोणी ठरवून केलेली नसली तरी श्रावणाची ही विश्रांती नदीला पूर्वीपासून मिळत आली आहे. पण ती उशिरा मिळते, कारण पहिल्या पुराबरोबर चढणीला लागलेला मासा तोवर धरला गेलेला असतो. आमच्या संस्थेत मी हा विषय दोनदा मांडला. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळाले, की आपण थांबलो तरी खालचे थांबणार नाहीत. खालच्या गावांतही हेच उत्तर दिले जात असेल, याविषयी मला शंका नाही, आणि त्या उत्तरात खोटे काही नाही. एकट्याने थांबणाऱ्याचे नुकसानच होते. ही अडचण कोणत्याही एका संस्थेला सोडवता येणार नाही, म्हणूनच हे पत्र दोन्ही खात्यांना एकत्र लिहिले आहे.

समुद्रावर ही अडचण आपण सोडवलेली आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी असते आणि ती रत्नागिरीला वेगळी, कारवारला वेगळी अशी नसते. बंगालच्या उपसागरात हे नुकतेच घडले. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिलपासून १४ जूनपर्यंत बंदी, तर बांगलादेशात २० मेपासून २३ जुलैपर्यंत, असा वर्षानुवर्षे क्रम होता. एकाच्या होड्या किनाऱ्याला लागलेल्या असताना दुसऱ्याच्या होड्या तोच मासा धरत, आणि बांगलादेशी मच्छीमारांची याविषयी मोठी तक्रार होती. २०२५ साली बांगलादेशाने आपली बंदी १५ एप्रिल ते ११ जून अशी बदलून घेतली. दोन स्वतंत्र देशांच्या बंदीच्या तारखा जुळू शकतात, तर एकाच देशातल्या शेजारच्या दोन जिल्ह्यांच्या जुळायला काय हरकत असावी?

माझी पहिली मागणी यातूनच येते. पंचगंगेच्या उगमाकडच्या नद्यांपासून हिप्परगीपर्यंत, दोन्ही राज्यांत, १ जून ते १५ ऑगस्ट या काळात नदी आणि ओढ्यांत मासेमारी बंद असावी, आणि या तारखा दगडावर कोरलेल्या नसाव्यात. पाऊस लांबला तर बंदी पुढे सरकावी, वळवाने मे महिन्यातच ओढे भरले तर ती आधी लागावी. हे ठरवण्यासाठी दोन्ही खात्यांचा प्रत्येकी एक अधिकारी आणि दोन्ही काठांच्या संस्थांचे प्रतिनिधी एवढेच पुरेत.

बंधाऱ्यांविषयी वेगळे लिहिले पाहिजे, कारण ज्या बंधाऱ्याला देशभर कोल्हापूरचे नाव आहे तो आमच्या माशांच्या वाटेत उभा आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यात काढलेले असतात, त्यामुळे धरणासारखा तो माशाला कायमचा अडवत नाही, ही त्याची जमेची बाजू आहे. १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाला आणि गंगेत अलाहाबादपर्यंत चढणारा हिलसा खालीच अडकला, तसे आपल्याकडे बंधाऱ्यांमुळे झालेले नाही. मात्र बरगे काढायला उशीर झाला तर पहिल्या पाण्याबरोबर वर आलेला मासा बंधाऱ्याच्या पायथ्याशी गोळा होतो, आणि तेथे जाळी तयार असतात. बंधाऱ्याच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरापर्यंत वर्षभर मासेमारी बंद ठेवली, आणि बरगे काढण्याची तारीख पाटबंधारे खात्याने मत्स्यव्यवसाय खात्याला विचारून ठरवली, तर याला सरकारचा एक रुपयाही लागणार नाही.

आता मर्यादेविषयी. मासेमारीचा कोटा म्हणजे पाण्यात मासा किती आहे याचा अंदाज घ्यायचा, त्यातला किती काढला तर उरलेला पुन्हा भरून येईल हे ठरवायचे, तेवढी पकड भागीदारांत वाटायची, आणि दर वर्षी नवा अंदाज पाहून आकडा वर किंवा खाली न्यायचा. ऐकायला हे सोपे वाटते. यात कोठे चुकते हे न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाने दाखवले आहे, आणि ती हकिगत मी येथे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या नोंदवहीत जे घडते आहे त्याच्याशी तिचे साम्य आहे. कॅनडाच्या त्या किनाऱ्यावर १९६८ साली आठ लाख टनांच्या वर कॉड पकडला गेला. पुढे पकड कोसळली, कोटे लागू झाले, आणि काही वर्षे सारे सावरल्यासारखे दिसले. मासा कमी होत होता, परंतु जो उरला होता तो ठरावीक जागी दाटीने जमत होता आणि मोठ्या जहाजांची जाळी तेथे भरत होती. भरलेल्या जाळ्यांवरून साठ्याचा अंदाज जास्त धरला गेला. चूक लक्षात आल्यावरही कोटा एकदम उतरवण्याचे धाडस झाले नाही, तो थोडा थोडा उतरवला गेला. अखेर २ जुलै १९९२ रोजी मासेमारीच बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसांचे काम गेले. दोन वर्षांसाठी म्हणून लावलेली ती बंदी २०२४ साली उठली, तेव्हा वर्षाला १८,००० टनांची परवानगी मिळाली. तेथे मर्यादा नव्हती असे नाही. मर्यादा होती, पण ती ज्या आकड्यावर उभी होती तो आकडा पाण्यातल्या माशाचा नसून जाळ्यातल्या माशाचा होता.

आमच्याकडे तर जाळ्यातला आकडाही जातवार नाही. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेकडचे मासे. तलावांत बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्ले, सोडून ते वाढवले जातात आणि महापुरात शेततळी व तलाव फुटले की नदीत येतात. चिलापी बाहेरून आलेला आहे आणि तो कोठेही वाढतो. या माशांच्या वजनाने एकूण बेरीज टिकून राहते, आणि तिच्या आड नदीचा स्वतःचा मासा संपत जातो. म्हणून कोट्याचा आकडा ठरवण्याआधी तीन वर्षे दोन्ही काठांच्या संस्थांनी एकाच नमुन्याच्या वहीत जातवार, लांबीसह आणि गाबोळी होती की नाही या नोंदीसह पकड लिहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घाईने ठरवलेला आकडा कोणी पाळणार नाही आणि एकदा मोडलेला आकडा पुन्हा बसवता येत नाही. या तीन वर्षांत अपवाद एकाच माशाचा करावा. शिवडा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत धोक्याच्या वर्गात गेलेला आहे. त्याची पकड आजपासूनच मर्यादित करावी, जाळ्यात जिवंत सापडलेला लहान शिवडा परत सोडावा, आणि तो विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही तितकेच जबाबदार धरावे.

किमान लांबीचा नियम मात्र वहीची वाट न पाहता लावता येईल. एकदाही अंडी न सोडलेला मासा बाजारात येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ आहे. महाराष्ट्राने २०२३ साली समुद्रातल्या ५४ प्रजातींसाठी असा नियम केला. कोल्हापूरच्या बाजारात कोकणातून येणाऱ्या सुरमईच्या पिल्लावर नियम आहे आणि त्याच पाटीशेजारी ठेवलेल्या नदीच्या वीतभर मरळीवर नाही, ही स्थिती खात्याने बदलावी. जाळ्याच्या आसाचा किमान आकार ठरवणे हे याच नियमाचे दुसरे अंग आहे, आणि १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमातही तो ठरवण्याचा अधिकार सरकारला दिलेला होता, म्हणजे हा विचार नवा नाही.

पुढे जेव्हा कोटा ठरेल तेव्हा तो संपूर्ण नदीसाठी एकच ठरावा आणि नंतर वाटला जावा. ईशान्य अटलांटिक महासागरातल्या मॅकरल माशाबाबत याच्या उलट घडले : आपापला वाटा प्रत्येक देशाने स्वतःच ठरवला आणि सगळ्यांची बेरीज शास्त्रज्ञांनी सुचवलेल्या आकड्याच्या वर गेली. याउलट नॉर्वे आणि सोव्हिएत संघ यांनी १९७६ पासून बॅरेंट्स समुद्रातल्या कॉडसाठी संयुक्त आयोग चालवला, एकूण आकडा एकत्र ठरवला, आणि आपापला वाटा निम्मा निम्मा ठेवला. ते दोन देश परस्परविरोधी लष्करी गटांत होते, तरीही ही बैठक होत राहिली. आपल्या दोन राज्यांत सीमाप्रश्न आहे आणि पाण्याचा वाद आहे. पण एकत्र बसून मासे मोजण्याइतकी जागा त्यात नक्कीच उरते.

एका गोष्टीची मला मनापासून भीती वाटते, आणि ती येथेच नोंदवतो. कोटा ही विकण्याची वस्तू झाली, तर तो आमच्या हातात राहणार नाही. आइसलँडमध्ये १९९० च्या कायद्याने कोटा विकता येऊ लागला आणि लहान गावांतले कोटे हळूहळू मोठ्या कंपन्यांकडे गेले. आपल्याकडे तलावाचा ठेका संस्थेच्या नावावर आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच्या खिशात, असे प्रकार प्रत्येक तालुक्याला ठाऊक आहेत. म्हणून नदीतला वाटा संस्थेच्या प्रत्यक्ष मासे धरणाऱ्या सभासदांना मिळावा, तो हस्तांतरित करता येऊ नये, आणि संस्थेने तो भाड्याने दिला तर तो रद्द व्हावा.

दुसरी गोष्ट मेलेल्या माशांची. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच तरंगताना कोल्हापूरकरांनी अनेकदा पाहिला आहे. राजाराम बंधाऱ्यापासून तेरवाडच्या बंधाऱ्यापर्यंत उन्हाळ्यात साठलेल्या पाण्यात सांडपाणी आणि कारखान्यांचे दूषित पाणी मिसळते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि एका रात्रीत एवढा मासा मरतो की आमच्या संस्थेला तो धरायला कित्येक महिने लागले असते. पंचनामा होतो, पाण्याचे नमुने घेतले जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच घडते. माझी मागणी अशी आहे की मेलेला मासा जातवार मोजला जावा आणि तो त्या वर्षीच्या पकडीत धरला जावा, कारण तो नदीतून कमी झालेलाच असतो. तो ज्याच्यामुळे मेला, त्याच्याकडून त्याची किंमत बाजारभावाने आणि त्याच्या पोटातल्या गाबोळीसह वसूल व्हावी. हे होणार नसेल, तर दोन किलो मासा कमी धरा असे भोयाला सांगताना अधिकाऱ्यांना त्याच्या नजरेला नजर देणे कठीण जाईल.

बंदीच्या दिवसांत आमच्या चुली कशा पेटणार, हा प्रश्न सभासद मला पहिल्यांदा विचारतील. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बंदीकाळासाठी सरकारचे ३,००० रुपये आणि मच्छीमाराची स्वतःची १,५०० रुपये बचत मिळून ४,५०० रुपये तीन महिन्यांत दिले जातात. महिन्याला १,५०० रुपयांत घर चालत नाही, हे आपणही मान्य कराल. बंदीच्या काळात संस्थांच्या सभासदांना पुढील कामांवर घ्यावे : ओढ्यांच्या तोंडावर राखण करणे, नोंदी ठेवणे, बेवारस जाळी काढणे आणि खात्याच्या केंद्रांत नदीच्या स्थानिक माशांचे बीज तयार करणे. आज या केंद्रांतून प्रामुख्याने कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली मिळते. मरळ आणि शिवडा यांच्या बीजासाठी हात हवे आहेत, आणि ते हात पावसाळ्यात मोकळे असतात.

दोन्ही खात्यांना विनंती आहे की येत्या मृगाच्या आधी, मे महिन्यात, कोल्हापुरात किंवा चिकोडीत दोन्ही राज्यांची पहिली एकत्र बैठक घ्यावी आणि तिला दोन्ही काठांच्या संस्थांना बोलवावे. आमच्या संस्थेच्या वह्या मी त्या बैठकीत घेऊन येईन. त्यांतला शिवड्याचा रकाना ज्या वर्षापर्यंत भरलेला आहे ती पाने आधी पाहावीत आणि मग तारखांवर बोलावे.

आपला नम्र,
कृष्णाकाठचा एक मच्छीमार व संस्थेचा सचिव
शिरोळ तालुका, जिल्हा कोल्हापूर